पक्षी कधी दाखवायचा नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू जे काम करतोस त्यावर वीस मिनिटं बोल.’ माझ्या आधी जे बोलले त्यांत डॉक्टर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, केळी-पपईचे मोठे बागायतदार आहेत. त्यांचं काम काय ते सगळ्यांना कळतं. माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पक्षी दाखवायचे लोक पैसे देतात?’ देतात. मग दुसरा प्रश्न : ‘आणि पक्षी दिसला नाही तर परत करतोस का?’ नाही करत. (हशा)

मंडळी, मी पक्षी दाखवणारा गाइड आहे. त्याआधी बरीच वर्षं पक्षी वाचवण्याच्या कामात होतो. सर्वेक्षणं केली, जंगलात झाडं मोजली, रात्री-बेरात्री घुबडांचे आवाज लिहून घेतले. ही दोन्ही कामं मला एकाच पक्ष्याने दिली, आणि तो पक्षी आपल्या तालुक्याचा आहे. तेव्हा आज सगळ्या पक्ष्यांबद्दल न बोलता त्या एकाबद्दलच बोलतो. त्याचं नाव रानपिंगळा. काही जण त्याला वनपिंगळाही म्हणतात.

पिंगळा तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी चिंचेवर बसून चिर्र-चिर्र करणारं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं छोटं घुबड. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारे पिंगळा जोशीही आपल्या लहानपणी येत. त्यांना या पक्ष्याची भाषा कळते, असं आपल्या आज्या सांगायच्या. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद, पण गावात न राहणारा. सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या रानात राहणारा.

आता त्याची गोष्ट ऐका. आपल्या शाळेत आपण इतिहास शिकलो, काँग्रेसचे संस्थापक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव पाठ केलं. हे ह्यूमसाहेब पक्ष्यांचे फार मोठे अभ्यासक होते, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. १८७२ साली आजच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला एक वेगळं घुबड मिळालं. ह्यूमनी १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि त्यात ब्लेविटचं नाव घातलं. त्यानंतर आपल्या खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ पर्यंत जगातल्या संग्रहालयांत या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने जमा झाले. आणि मग हा पक्षी नाहीसा झाला.

नाहीसा झाला म्हणजे कोणा अभ्यासकाला दिसला नाही. अपवाद फक्त एक होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सांगितलं की, मी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळवला. त्याच्याकडे तसा नमुना होता, त्यावर लेबल होतं. मोठा माणूस, मोठं नाव. सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढे ज्यांनी ज्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला, त्यांचं लक्ष या नोंदीने वेधून घेतलं. डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही शोध घेतला. हाती काही लागलं नाही. सालिम अली १९८७ साली गेले. हा पक्षी पुन्हा सापडलेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले. तेव्हा लक्षात आलं की माइनर्ट्झहागेनचा नमुना त्याने मिळवलेलाच नव्हता. तो त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून उचलला होता, नव्याने भरला होता आणि त्यावर खोटं लेबल लावलं होतं. तो पक्षी मुळात डेव्हिडसनने गोळा केलेला. म्हणजे आपला खानदेशातला पक्षी लंडनला गेला, तिथून चोरीला गेला आणि गुजरातचा म्हणून मिरवला.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या नोंदी कुठल्या, हे स्पष्ट झालं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे त्या ठिकाणी शोधायला निघाले. आधी पूर्वेकडे गेले, तिथे काही मिळालं नाही. मग ते पश्चिमेला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण फांदीवर हा पक्षी त्यांच्यासमोर बसलेला होता. ११३ वर्षांनी! तेव्हा आपला नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता. आपण धुळे जिल्ह्यात होतो.

ही बातमी जगभर गेली. परदेशातल्या पक्षी पाहणाऱ्यांना सारंगखेड्याची यात्रा माहीत नाही, प्रकाशे माहीत नाही, पण ‘शहादा’ हे नाव माहीत आहे. माझ्याकडे येणारे पाहुणे ते नाव असं उच्चारतात की आधी मलाच कळायचं नाही ते कोणत्या गावाबद्दल बोलताहेत.

आपले विज्ञानाचे सर प्रयोगवहीत खाडाखोड दिसली की अख्खं पान परत लिहायला लावायचे. ‘जे दिसलं तेच लिहा, जे दिसायला पाहिजे ते लिहू नका,’ असं म्हणायचे. सर, तेव्हा आम्हाला तुमचा फार राग यायचा. पण एका माणसाने न दिसलेलं लिहिलं आणि लोक कितीतरी वर्षं भलत्या जागी शोधत राहिले, हे कळल्यावर तुमच्या त्या वाक्याची किंमत समजली. आजही माझ्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘नक्की’ की ‘बहुतेक’ हे लिहिल्याशिवाय नोंद होत नाही.

मंडळी, या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. अभ्यासकांना ११३ वर्षं पक्षी दिसला नाही, पण तो कुठे लपून बसला नव्हता. रानात गुरं चारणाऱ्यांना, मोहफुलं वेचणाऱ्यांना तो रोज दिसत होता. त्यांच्या लेखी तो पिंगळाच होता, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पुढे संशोधक आपल्या भागात यायला लागले. १९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली आणि तोरणमाळ-तळोद्याच्या पट्ट्याबरोबरच मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या खकनारलाही हा पक्षी असल्याचं दाखवून दिलं. पुढेही अनेकांनी या पक्ष्यावर काम केलं. अशा लोकांना वाटा माहीत असलेला, पावरी बोलणारा माणूस हवा असायचा. मी तेव्हा बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो. दोन आठवड्यांसाठी म्हणून एका पाहणीबरोबर गेलो, तो परत दुकानात गेलोच नाही.

आता हा पक्षी ओळखायचा कसा, ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही गावाला आलात की पाहाल. पहिली गोष्ट, हा दिवसाही शिकार करतो. थंडीच्या दिवसांत, ऊन वर यायला लागलं की झाडाच्या शेंड्याकडच्या उघड्या फांदीवर येऊन बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर ते अगदी फिकट. डोकं मोठं, चोच दणकट, पंखांवर आणि शेपटीवर रुंद काळपट-पांढरे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, जाडजूड. बसल्या बसल्या शेपटी आडवी हलवतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, मोठे किडे हे त्याचं खाणं.

शोधायचा तर मी डोळ्यांआधी कान वापरतो. कोतवाल आणि छोटे पक्षी एखाद्या झाडाभोवती एकाएकी कालवा करायला लागले की समजायचं, इथे कोणीतरी शिकारी बसलाय. मग थांबायचं. दहातल्या आठ वेळा साधा पिंगळा किंवा शिक्रा निघतो. उरलेल्या दोन वेळांसाठी हा धंदा आहे.

सर्वेक्षणाच्या वर्षांत मी जे शिकलो ते एका वाक्यात सांगायचं तर : या पक्ष्याचा जीव म्हाताऱ्या झाडात आहे. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी मोडून, कुजून तयार झालेली ढोली त्याला लागते. अशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. पन्नास-साठ वर्षांचा साग, जुना ऐन, जुनी सलई, अशा झाडात होते. म्हणजे आज एक ढोलीचं झाड पडलं तर ‘आम्ही त्याच्या जागी दहा रोपं लावली’ हे उत्तर त्या जोडीच्या कामाचं नाही. त्या रोपांत ढोली तयार होईल तेव्हा आपली नातवंडं या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी बॅचमध्ये बसलेली असतील.

आणि नेमकी हीच झाडं आधी जातात. सरळ साग लाकडासाठी जातो, पोकळ झाड ‘काही कामाचं नाही’ म्हणून सरपणाला जातं. आपल्या डोळ्यांदेखत सातपुड्याचा पायथा विरळ झाला. मी यात एका कोणाकडे बोट दाखवत नाही. तिथल्या आदिवासी भावांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी कसल्या, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना हक्क दिला, ते योग्यच झालं. त्याच कायद्यात गावाला सामूहिक वनहक्कही आहे, म्हणजे आपलं जंगल राखायचा, सांभाळायचा अधिकार. ज्या गावांनी तो मनावर घेतला तिथे मी जुनी झाडं उभी राहिलेली पाहिली आहेत. वन खात्याच्या पाटीपेक्षा गावाने ठरवलेली गोष्ट जास्त टिकते, हा माझा अनुभव.

अलीकडच्या वर्षांत थोडी आशाही आहे. २०१४ साली हा पक्षी तानसा अभयारण्यात सापडला, म्हणजे मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या जंगलात. डांगमध्येही आहे, यावलमध्येही आहे. २०१८ साली जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं. पण एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. नव्या जागा कळल्या म्हणून आकडा सुधारला, तरी जगभरात प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच धरतात. आणि ते सगळे भारतातच. दुसऱ्या कोणत्याही देशात हा पक्षी नाही.

आता माझ्या आजच्या धंद्याकडे येतो. गाइडचं काम पक्षी दाखवणं, असं सगळे समजतात. मी नव्या मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी सांगतो, पक्षी दाखवणं सहा महिन्यांत जमतं. कधी दाखवायचा नाही, हे जमायला वर्षं लागतात.

याचं कारण सांगतो. पूर्वी या पक्ष्याला कोणी शोधत नव्हतं. आता सगळे शोधतात. प्रत्येकाच्या हातात मोठा कॅमेरा, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये याच्या आवाजाची रेकॉर्डिंग. ती लावली की काय होतं? जोडीतल्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो हातातली शिकार सोडून भांडायला येतो, समोर बसतो, ओरडतो. पाहुण्याला छान फोटो मिळतो. तासाभराने दुसरी गाडी येते, पुन्हा तेच. ऑक्टोबर ते मे हा याचा विणीचा काळ, आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तोच. घरात लेकरं उपाशी असताना दिवसभर कोणी दारावर धक्के मारत राहिलं तर आपलं काय होईल, तेच त्याचं होतं.

म्हणून माझे नियम आहेत. रेकॉर्डिंग लावायची नाही. घरट्याची ढोली दाखवायची नाही. पक्ष्याने आपल्याकडे टक लावून बघायला सुरुवात केली की दोन पावलं मागे. एका जोडीजवळ पंधरा मिनिटं, मग निघायचं. आणि फोटोसोबत जागेचं नाव टाकायचं नाही. आत्ताही मी तुम्हाला ‘शहाद्याजवळचं जंगल’ एवढंच सांगितलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही घरचे आहात, पण हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक गृहस्थ आले. तीन दिवसांचे पैसे आगाऊ दिले होते. पक्षी पहिल्याच सकाळी दिसला, फोटो झाले. मग म्हणाले, ‘आता पिल्लांना भरवतानाचा पाहिजे. ढोली कुठे आहे ते तुला माहीतच असणार.’ मला माहीत होती. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ‘दुप्पट देतो.’ त्या वर्षी माझ्या मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, दुप्पट पैसे मला नको होते असं मी म्हणणार नाही. तरी दोन दिवसांचे पैसे परत केले आणि त्यांना बसस्टँडवर सोडलं. जाताना ते म्हणाले, ‘असा धंदा चालत नाही.’ चालतो. त्याच ढोलीतून पुढच्या हंगामातही पिल्लं बाहेर आली, आणि ती जोडी आहे म्हणून आजही माझ्याबरोबर पायथ्याच्या पाड्यांवरची चार मुलं काम करतात. दोघं वाट दाखवतात, एकाची गाडी आहे, एकाच्या घरी पाहुण्यांचं जेवण होतं. भाकरी, उडदाची डाळ आणि आपल्या नंदुरबारी मिरचीचा ठेचा. परदेशी पाहुणे ठेचा खाऊन रडतात आणि पुन्हा मागतात.

या मुलांपैकी एकाच्या आजोबांनी मला सांगितलं होतं, ‘घुबडाला दगड मारू नये. तो दगड ते झेलतं आणि नदीत नेऊन घासत बसतं. दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजतो.’ ही समजूत आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. तिने घुबडांना थोडंफार वाचवलंही. पण याच भीतीच्या पोटी लोक घुबड दिसलं की हुसकावतात, अपशकुन म्हणून घरटं मोडतात. आणि दिवाळीच्या सुमारास धनाच्या लोभाने घुबडांचा बळी देणारेही या देशात आहेत. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीसाठी त्याचाच जीव घ्यायचा! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रानपिंगळा आहे. त्याला पकडणं, विकणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. मांत्रिकाला नसेल माहीत, पण आपण शिकलेली माणसं आहोत.

भाषण संपवण्याआधी तुमच्याकडे थोडं मागणार आहे. स्नेहमेळाव्यात लोक शाळेसाठी मागतात, मी पक्ष्यांसाठी मागतो.

ज्यांची शेती आहे त्यांना पहिली विनंती. बांधावरचं जुनं, पोकळ झाड सरपणाच्या ठेकेदाराला देऊ नका. रानपिंगळा तुमच्या बांधावर येणार नाही कदाचित, पण साधा पिंगळा येईल, गव्हाणी घुबड येईल. तुमच्या उसातले आणि पपईतले उंदीर ते फुकट खाईल. आणि उंदरांना विष घालताना एवढं लक्षात ठेवा, विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरतं.

जे पुण्या-मुंबईला, सुरतेला, परदेशात आहेत त्यांना दुसरी विनंती. सुट्टीत मुलांना घेऊन तोरणमाळला याल तेव्हा तलाव आणि सीताखाई पाहून लगेच परत फिरू नका. एक सकाळ पायथ्याच्या जंगलात काढा, आणि पैसे तिथल्याच पाड्यावर खर्च करा. ज्या गावाला जंगलातून चार पैसे मिळतात ते गाव जंगलावर नजर ठेवतं.

तिसरी विनंती आजच्या विद्यार्थ्यांसाठी. मागे उभी असलेली नववी-दहावीची मुलं मला दिसताहेत. आमच्या बॅचने शाळेला पाच दुर्बिणी द्यायच्या ठरवल्या आहेत. बाकीच्या बॅचेसनी मराठीतली पक्ष्यांची पुस्तकं द्यावीत. डिसेंबरपासून महिन्यातून एका रविवारी मी स्वतः वीस-वीस मुलांना घेऊन जाईन, त्याचे पैसे घेणार नाही. मात्र प्रत्येकाने वही आणायची आणि जे दिसलं तेच लिहायचं. नियम सरांचा आहे.

आपल्या तालुक्याला जगाच्या नकाशावर नेणारा हा पक्षी अजून आहे. त्या रविवारी मुलांना तो दिसेलच, असं मी वचन देत नाही. तो विणीच्या गडबडीत असला तर मी मुलांना लांबूनच परत आणीन, आणि परत का आणलं तेही सांगेन.

तुम्ही एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, आमच्या वर्गात हे कधी झालं नव्हतं.